मिठानं राखलेलं गाव

सुमारे २,७०० वर्षांपूर्वी आल्प्स पर्वतातल्या एका खाणकामगारानं निळ्या बुरशीचं चीज खाल्लं आणि वर बिअर प्यायली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. चेहरा कसा होता, घरी कोणती भाषा बोलायचा, हेही सांगता येत नाही. जेवण मात्र ठाऊक आहे. कारण ते पचल्यावर तो खाणीतच शौचाला बसला आणि मागं राहिलेला तो ऐवज आजतागायत टिकला. इटलीतल्या बोल्झानोच्या संशोधकांनी व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या सहकाऱ्यांसोबत त्याची तपासणी केली. त्यात त्यांना दोन बुरशींचा डीएनए सापडला. एक आज रोकफोर चीज बनवायला वापरतात ती, आणि दुसरी बिअर आंबवणारी यीस्ट. २०२१ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी नाक दाबून तो कौतुकानं छापला.

ही खाण ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या गावाची. गावाची वस्ती साडेसातशेच्या आतबाहेर. पण युरोपच्या इतिहासातल्या एका अख्ख्या कालखंडाला या गावाचं नाव दिलेलं आहे. इसवी सनापूर्वी साधारण ८०० ते ४५० या काळाला पुरातत्त्वज्ञ ‘हालश्टाट काळ’ म्हणतात. फ्रान्सपासून हंगेरीपर्यंत कुठंही त्या धर्तीची तलवार किंवा भांडं सापडलं, की त्यावर या चिमुकल्या गावाचा शिक्का बसतो. इतक्या लहान गावाच्या वाट्याला एवढा मोठा मान आला तो एकाच वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे मीठ.

गावाची जागा पाहिली, की इथं माणसं मुळात राहिलीच कशाला असा प्रश्न पडतो. समोर सव्वाशे मीटर खोल तळं, पाठीशी सरळसोट डोंगरकडा. दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तीवर घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. काही घरांत खालून तळ्याच्या बाजूनं शिरता येतं आणि वरच्या बाजूनं माळ्यातून बाहेर पडता येतं. झाडं लावायला जागा नाही, म्हणून लोकांनी नाशपतीची झाडं घरांच्या भिंतींवर चपटी पसरवून वाढवली. शेत नाही, कुरण नाही. हिवाळ्यात सूर्यही डोंगराआडून कसाबसा डोकावतो. १८९० साली तळ्याकाठचा खडक सुरुंगानं फोडून रस्ता काढला. तोवर गावात यायचं म्हणजे होडीनं, नाही तर अरुंद पायवाटेनं.

तरीही माणसं आली आणि राहिली, ती गावाच्या डोक्यावर साडेतीनशे मीटर उंचीवर असलेल्या एका दरीसाठी. त्या दरीच्या पोटात मीठ आहे.

हे मीठ एका समुद्राचं. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ, उष्ण समुद्र होता. तो पुनःपुन्हा आटत गेला आणि तळाशी मीठ, जिप्सम आणि चिकणमाती यांचे थर साचले. पुढे आफ्रिकेच्या बाजूचा भूभाग युरोपला भिडला आणि आल्प्स वर उचलला गेला, तेव्हा हे थरही चेपले, मुरगळले आणि डोंगरात गाडले गेले. त्यामुळे इथलं मीठ पांढऱ्याशुभ्र खडकाच्या रूपात क्वचितच मिळतं. बहुतेक ते मातीत कालवलेलं असतं. आणि मीठ कितीही घट्ट दिसलं तरी प्रचंड दाबाखाली ते हळूहळू सरकतं. या डोंगरात पोकळी केली, की डोंगर ती बुजवायला लागतो. आज खोदलेला बोगदा काही पिढ्यांत मिटून जातो. या एका गुणधर्मामुळे पुढचं सगळं घडलं.

कारण जुन्या खाणकामगारांनी मागं टाकलेला कचरा बोगद्यांसकट मिठात दाबला गेला. मुरलेल्या लोणच्यात फोडी टिकाव्यात, तसं सगळं टिकलं. मीठ पाणी शोषून घेतं, पाणी नाही म्हणजे जिवाणू नाहीत, आणि जिवाणू नाहीत म्हणजे कुजणं नाही. त्यात भर म्हणून खाणीत बारा महिने थंडावा. एरवी पुरातत्त्वज्ञाच्या हाती दगड, खापर, हाड आणि धातू लागतो. लाकूड, कातडं, कापड, दोर, अन्न हे सगळं मातीत जिरून जातं, म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्यातला बराचसा भागच नाहीसा होतो. हालश्टाटच्या खाणीत नेमका तो भाग उरला आहे.

नंतरच्या शतकांत नवे बोगदे खणताना कामगारांना मधूनच असे थर लागत. मीठ आणि मातीच्या लगद्यात लाकडाच्या ढलप्या, मोडके दांडे, चिंध्या. हे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या लोकांचं काम, एवढं त्यांना कळत होतं, म्हणून ते अशा थराला ‘पाखंड्यांचा डोंगर’ म्हणत. त्यातल्या सर्वाधिक वस्तू म्हणजे जळालेल्या लाकडी काड्या, आणि त्यांची गणती करणंच अवघड. हाताच्या बोटाएवढ्या रुंद, लांबट, पातळ. याच त्या काळच्या मशाली. खाणकामगाराचा सगळा दिवस या काड्यांच्या उजेडात जायचा. एक विझत आली, की तिच्यावर दुसरी पेटवायची आणि उरलेलं थोटूक खाली टाकायचं. ती थोटकं साचून त्यांचेच थर झाले आहेत.

इथल्या माणसांचं मिठाशी नातं किती जुनं? डोंगरात सापडलेली हरणाच्या शिंगाची एक कुदळ सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे धातू माहीत होण्याआधीच कुणीतरी इथं मिठासाठी खोदत होतं. पण मोठ्या प्रमाणावर, पद्धतशीर खाणकाम दिसतं ते कांस्ययुगापासून, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून. आणि त्यातली पद्धतशीरता पाहून आजचा अभियंताही तोंडात बोट घालतो.

तिथल्या कातड्याच्या पाठपिशवीचंच बघा. गाईचं कातडं केसांसकट शिवून केलेली ही पिशवी लाकडी कमानींवर ताणलेली असते. एक रुंद पट्टा एका खांद्यावरून जातो आणि पिशवीला मागं एक दांडा जोडलेला असतो. तो दांडा हातात धरला, की पिशवी सरळ उभी राहते. सोडून दिला, की पिशवी खांद्यावरून कलंडते आणि आतलं मीठ ओतलं जातं. ओझं उतरवायला वाकायला नको, पट्टा काढायला नको, दुसऱ्याची मदत नको. मिठाच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी खाणीच्या उभ्या विवरापर्यंत न्यायची, दांडा सोडायचा, मागं फिरायचं. दिवसाकाठी अशा असंख्य फेऱ्या होत असणार. ज्यानं हे शोधलं त्याच्या पाठीनं आणि गुडघ्यांनी त्याला शिकवलं असणार यात शंका नाही.

किंवा तो जिना घ्या. २००० नंतरच्या काही वर्षांत संशोधकांना खाणीत सुमारे शंभर मीटर खोलीवर एक लाकडी जिना सापडला. लांबी आठ मीटर, रुंदी मीटरभराहून जास्त, म्हणजे चढणारा आणि उतरणारा आरामात एकमेकांना ओलांडून जातील. झाडाच्या खोडातली वर्षवलयं मोजून त्याची तारीख काढता आली. त्यासाठीची झाडं इ.स.पूर्व १३४४ च्या सुमारास तोडलेली. इजिप्तमध्ये तेव्हा फॅरो अखेनातेनची राजवट होती. युरोपात सापडलेला हा सर्वांत जुना लाकडी जिना, आणि तो चक्क सुट्या भागांचा. दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांत खाचा पाडलेल्या, त्यांत पायऱ्यांच्या फळ्या सरकवलेल्या. बोगद्याचा उतार कमी-जास्त असेल तसा पायरीचा कोन बदलता यायचा. भाग बाहेर तयार करायचे, आत आणून जोडायचे, गरज संपली की काढून दुसरीकडे लावायचे. जो समाज अजून लिहायला शिकला नव्हता त्यानं मापं ठरवून सारखे सुटे भाग बनवले होते.

बाहेरही कारखाना चालू होता. दरीत जमिनीत बसवलेले ओंडक्यांचे मोठे हौद सापडले आहेत. त्यांत डुकराचं मांस खारवत असत, एका वेळी दीडशेच्या आसपास डुकरांचं. एवढी डुकरं या खडकाळ दरीत पोसणं शक्य नव्हतं. ती आजूबाजूच्या खोऱ्यांतून यायची आणि खारवलेलं मांस मिठासोबत दूरदूर जायचं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या दरीला कच्चा माल पुरवणारे, तयार माल वाहणारे, लाकूड तोडणारे, धान्य पाठवणारे असे सगळे होते. स्वतः काहीच न पिकवणारं हे गाव तेव्हापासून साऱ्या मुलखाशी देवघेव करून जगत आलं आहे.

अधूनमधून डोंगर आपला वाटा घेई. मुसळधार पावसानंतर चिखलाचे लोट खाणीच्या तोंडातून आत शिरत आणि सगळं बुजवून टाकत. काही पिढ्या जात, मग माणसं परत येऊन दुसरीकडे खोदायला लागत. कांस्ययुगातली खाण अशीच बंद पडली आणि लोहयुगात नवी सुरू झाली. नव्या खाणीत तंत्रही नवं. आता मिठाचे बारीक तुकडे न काढता भिंतीत कुदळीनं खोल चर पाडत आणि बदामाच्या आकाराची मोठी शिळा सोडवून घेत. अशा शिळा काढल्याच्या खुणा खाणीच्या भिंतींवर आजही जशाच्या तशा आहेत. आकार बदामाचाच का, यावर बरंच लिहून झालंय. खाणकामगाराला बहुधा एवढंच दिसत असावं, की या आकारात चर पाडायला कष्ट कमी पडतात आणि ढेकूळ अखंड निघतं.

या लोकांचं जेवण तपासायला विष्ठेचे नमुने पुरेसे आहेत. सातू, बाजरीच्या जातीचं भरड धान्य आणि घेवड्यासारख्या बिया एकत्र शिजवून केलेला घट्ट रस्सा, त्यात मांसाचे कण. ऑस्ट्रियात आजही या धर्तीचा ‘रिचर्ट’ नावाचा पदार्थ करतात. पोटात जंतही भरपूर, त्यांची अंडी नमुन्यांत दिसतात. आणि शौचानंतर पुसायला पेस्टवुर्झ नावाच्या झाडाची मोठी, मऊ पानं. तीही टिकली आहेत. संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. या कामगारांच्या आतड्यातले जिवाणू आजच्या शहरी पाश्चात्त्य माणसाच्या जिवाणूंसारखे नाहीत. प्रक्रिया न केलेलं, कोंड्यासकट अन्न खाणाऱ्या समाजांत आज जे जिवाणू आढळतात त्यांच्याशी ते मिळतेजुळते आहेत. आणि याच खाणीतल्या १८ व्या शतकातल्या एका नमुन्यातही तसंच. आहार आणि आतडी बदलली ती अगदी काल-परवा.

कपड्यांचीही तीच गंमत. चिंध्या म्हणून खाणीत टाकलेली शेकडो कापडं निघाली. काही फाटल्यावर बांधायला, काही पुसायला वापरलेली. त्यांत निळ्या, पिवळ्या, हिरवट रंगात रंगवलेली लोकर आहे, चौकटीचं विणकाम आहे, बोटाएवढ्या रुंदीच्या नक्षीदार पट्ट्या आहेत. आदिम माणूस म्हटला की करड्या घोंगडीतला माणूस डोळ्यांसमोर आणण्याची आपल्याला सवय आहे. या चिंध्या ती सवय मोडतात.

१८४६ च्या नोव्हेंबरात खाणीचा प्रमुख योहान गेओर्ग रामसाउअर दरीत खडी काढायला जागा शोधत होता. खणताना हाडं लागली, सोबत काशाचे दागिने. रामसाउअर शिकलेला पुरातत्त्वज्ञ नव्हता, खाणीत वाढलेला माणूस. पण त्यानं त्या काळात फार थोड्यांनी केलं असतं ते केलं. घाईनं सगळं उकरून काढण्याऐवजी तो एकेक थडगं नोंदवत गेला. क्रमांक, सांगाड्याची दिशा, कोणती वस्तू कुठं. खाणीतलाच इझिडोर एंगल त्याला साथीला होता. तो प्रत्येक थडग्याचं जलरंगात चित्र काढायचा. छायाचित्रण अजून बाळसं धरत होतं, त्या काळात सांगाड्यागणिक रंगीत नोंद! १८६३ पर्यंत त्यांनी ९८० थडगी उघडली. १८७४ साली स्वीडनच्या हान्स हिल्डेब्रांडनं युरोपच्या लोहयुगाचे दोन भाग पाडले, तेव्हा पहिल्या भागाला हालश्टाटचं नाव द्यायला त्याला फार विचार करावा लागला नसेल.

थडग्यांतून निघालेली संपत्ती थक्क करणारी आहे. एका तलवारीच्या मुठीला हस्तिदंत, त्यात अंबर जडवलेलं. हस्तिदंत आफ्रिकेकडचा, अंबर बाल्टिक समुद्राकाठचं. एका काशाच्या भांड्याच्या मुठीवर गाय उभी आहे आणि तिच्या मागोमाग वासरू. रस्ते नसलेल्या या कोनाड्यात भूमध्य समुद्राकडचा माल येत होता, कारण मिठाला सगळीकडे मागणी होती. मांस, मासे, चीज टिकवायचं तर मीठ हवंच. ज्याच्याकडे मीठ, त्याच्याकडे वाटाघाटीत वरचढपणा.

तरी मला सर्वांत मोठा खजिना वाटतो तो हाडांचा. संशोधकांनी या सांगाड्यांवरच्या स्नायूंच्या जोडण्या आणि सांध्यांची झीज तपासली. बहुतेक पुरुषांच्या हाडांवर वरून खाली सतत कुदळ मारल्याच्या खुणा. बायकांच्या हाडांवर एका खांद्यावर जड ओझी वाहिल्याच्या. मुलांच्या मानेचे सांधेही झिजलेले. खाणीत लहान मुलाचा जोडा आणि टोपीही सापडली आहे. अंबर जडवलेली तलवार आणि वाकलेली मान एकाच दफनभूमीत. म्हणजे इथल्या श्रीमंतांना खाणीपासून दूर बसलेले मालक म्हणता येत नाही. सोन्या-काशानं नटून पुरली गेलेली माणसंसुद्धा ओझी वाहिलेली आहेत. राजांच्या थडग्यांतून आपण राजांचा इतिहास लिहितो. इथं कष्टकऱ्यांच्या संपूर्ण गावाचा इतिहास त्यांच्याच अंगावरून वाचता येतो.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात पुन्हा मोठा चिखललोट आला आणि खाणीचा तो भाग बुजला. डोंगर मिटत राहिला. मग १७३४ सालच्या एप्रिलमध्ये नव्या बोगद्याचं छत कोसळलं आणि खडकात एक माणूस दिसला. कपडे, जोडे, कातडी शाबूत, अंग फळीसारखं चपटं झालेलं, मिठात पार रुतलेला. कुणीच त्याला ओळखेना, कारण तो हजारो वर्षांपूर्वीचा होता. गावानं त्याला दफनभूमीच्या एका कडेला, पवित्र न मानलेल्या जागेत पुरलं. तो ख्रिस्ती असल्याचा भरवसा कोण देणार?

त्याच वर्षी त्याच गावात जिवंत माणसांचाही धर्म तपासला जात होता. इथले बरेच मीठकामगार मनानं प्रोटेस्टंट झाले होते आणि सम्राट सहावा चार्ल्स कट्टर कॅथलिक. १७३४ पासून हालश्टाट आणि शेजारच्या गावांतल्या शेकडो प्रोटेस्टंटांना होड्यांत बसवून डॅन्यूब नदीवाटे दूर ट्रान्सिल्व्हानियात पाठवलं गेलं. १७८१ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं सहिष्णुतेचा हुकूम काढला, तेव्हा जे लपूनछपून धर्म पाळत होते ते उघड झाले. आज गावाच्या प्रत्येक छायाचित्रात तळ्याकाठी निमुळता मनोरा असलेलं जे चर्च दिसतं ते याच प्रोटेस्टंटांचं, १८६३ सालचं. कॅथलिक चर्च त्याच्या वर कड्यावर उभं आहे.

मिठासाठी सत्ता किती काळजी घेते हेही याच मुलखात दिसतं. १२८४ साली खाणीच्या रक्षणासाठी दरीच्या तोंडाशी बुरूज बांधला गेला. १३११ साली हाब्सबुर्ग राणी एलिझाबेथनं गावाला बाजारपेठेचे हक्क दिले. पुढे हा सारा प्रदेशच राजखजिन्याची खासगी मालमत्ता बनला. मिठाची विक्री राजाच्या हाती, त्यातून आलेला पैसा त्याच्या लढायांना. कामगारांना सैन्यभरतीतून सूट होती, पण परवानगीशिवाय मुलूख सोडायची मुभा नव्हती.

बहुतेक मीठ आता खडकातून फोडत नसत. डोंगरात पाणी सोडायचं, मीठ विरघळू द्यायचं, खारं पाणी बाहेर काढून कढयांत आटवायचं. आटवायला लाकूड लागतं आणि शेकडो वर्षांत हालश्टाटभोवतीचं जंगल संपत आलं. मग कुणाला तरी उलटं सुचलं. लाकूड मिठाकडे आणण्यापेक्षा मीठ लाकडाकडे न्यावं. १५९५ ते १६०७ या काळात हालश्टाटपासून एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरची नळवाट टाकली गेली. पोखरून पोकळ केलेले सुमारे १३,००० ओंडके एकापुढे एक जोडून, दरीच्या कडेनं हलक्या उतारावर, पंपाशिवाय खारं पाणी वाहतं ठेवलं. ही जगातली सर्वांत जुनी औद्योगिक पाइपलाइन मानतात. नळाच्या सोबतीनं दुरुस्तीसाठी ठेवलेल्या वाटेवरून आज पर्यटक फिरतात.

सगळं मीठ मात्र नळातून जात नसे. खडकाच्या रूपातलं मीठ दरीतून खाली आणायचं काम बायका करत. पाठीवर टोपल्या, उभी पायवाट, दिवसातून कित्येक खेपा. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालली. एंगल आणि रामसाउअर ज्या सांगाड्यांची चित्रं काढत होते त्यांच्या शेजारून या बायका ओझी घेऊन उतरत होत्या. अडीच हजार वर्षांचं अंतर आणि खांद्यांवर तेच काम.

जागेची चणचण मृतांनाही भोगावी लागली. कॅथलिक चर्चजवळची दफनभूमी एवढीशी, की दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडून ते दुसऱ्याला द्यावं लागे. मग आधीच्याचं काय? कवटी काढून धुवायची, उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवून पांढरी करायची, तिच्यावर मृताचं नाव, तारीख आणि फुलांची किंवा पानांची माळ रंगवायची, आणि सेंट मायकल चॅपेलमध्ये कुटुंबातल्या इतरांशेजारी मांडायची. बायकांना फुलं, पुरुषांना ओकची पानं किंवा आयव्ही. १८ व्या शतकात सुरू झालेल्या या प्रथेतून तिथं आज सुमारे १,२०० कवट्या आहेत, त्यांतल्या ६१० रंगवलेल्या. शेवटची कवटी १९९५ साली ठेवली, तिच्या मालकिणीच्या इच्छेनुसार. बाहेरच्यांना हे भयाण वाटतं. गावात मात्र आजी-आजोबा एका फळीवर शेजारी शेजारी असणं हे आपलेपणाचं लक्षण.

इतिहासात हे गाव १७५० च्या आगीतही होरपळलं. गावाचा मधला भाग आणि मीठ आटवण्याच्या कढया जळाल्या, पुन्हा बांधल्या. १६२३ पासून दरवर्षी कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला होड्यांची मिरवणूक तळ्यावर निघते, कारण गावात मिरवायला पुरेशी जागाच नाही. १८७७ साली रेल्वे आली तीही समोरच्या काठावर. आजही गाडीतून उतरलं, की होडीनं तळं ओलांडून गावात जावं लागतं.

आणि आता होड्या भरून येतात. १९९७ साली युनेस्कोनं गावासह हा परिसर जागतिक वारशात घेतला. पर्यटक वाढले, समाजमाध्यमांनी त्यांत भर घातली. गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं साडेसातशे लोकांच्या गावात उतरतात. चीनमधल्या एका कंपनीनं ग्वांगडोंग प्रांतात गावाची प्रतिकृतीच उभारली आणि २०१२ साली ती खुली केली. चर्चचा मनोरा, चौक, घरांच्या दर्शनी भिंती सगळं तिथं आहे. हालश्टाटच्या लोकांना आधी धक्का बसला, मग त्यांनी उद्घाटनाला प्रतिनिधी पाठवले. २०२३ मध्ये गावानं गर्दीच्या एका सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण उभारलं. ओरड झाल्यावर ते काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी फलक घेऊन गावात येणारा बोगदा काही मिनिटं अडवून धरला. बसगाड्यांना आता आधी वेळ ठरवून यावं लागतं.

गावकऱ्यांचा वैताग समजण्यासारखा आहे. पण प्रतिकृतीची गोष्ट त्याहून बोलकी वाटते. तळं, मनोरा, रंगीत घरं यांची नक्कल जमली. कारण ती सगळी दिसते ती बाजू. प्रतिकृतीत नाही ते गावाच्या डोक्यावर, त्या दरीत आहे. आणि बहुतेक पर्यटक तळ्याकाठी फोटो काढून, आइस्क्रीम खाऊन दोन तासांत परत जातात. डोंगरावर जाणारी रज्जुगाडी पलीकडेच उभी असते.

वर गेलं तर दिसतं, की खाण अजून चालू आहे. डोंगरात अजूनही पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि खारं पाणी नळांतून एबेनझेच्या कारखान्यात जातं. नळ आता लाकडाचे नाहीत एवढाच फरक. १९६० पासून व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ खाणीच्या आत काम करत आहेत, आणि त्यांचं काम मोठं विलक्षण आहे. मीठ आणि माती कुदळीनं फोडायची, बाहेर न्यायची, पाण्यात विरघळवून त्यातल्या वस्तू वेगळ्या करायच्या. आणि हे करत असताना डोंगर मिटतच असतो. त्यांनी खोदलेले शोधबोगदे काही वर्षांत अरुंद होतात, ते पुन्हा रुंद करावे लागतात, लाकडाचे आधार बदलावे लागतात. तो तीन हजार वर्षांचा जिनाही जागेवर राहिला असता तर डोंगरानं चिरडला असता, म्हणून सुटा करून बाहेर काढावा लागला. सुट्या भागांचा जिना होता, म्हणून ते जमलं.

म्हणजे ज्या डोंगरानं हा इतिहास जपला तोच आता तो चिरडतोय, आणि हे थांबवायला संशोधकांना जुन्या खाणकामगारांचंच काम करावं लागतंय. अंधारात, थंडीत, ओझी वाहत. फक्त आता शोध मिठाचा नाही, तर मीठ ज्यांनी शोधलं त्यांच्या कचऱ्याचा. एकेकाळी या कचऱ्याची किंमत शून्य होती. आज राजेरजवाड्यांच्या तलवारी काचेच्या कपाटात शोभेला असतात, पण दोन हजार सातशे वर्षांपूर्वीचा साधा माणूस काय खात होता, काय नेसत होता, कोणत्या खांद्यावर ओझं घेत होता, हे सांगायची ताकद या फेकून दिलेल्या काड्या, चिंध्या आणि मोडक्या दांड्यांत आहे. म्हणून हालश्टाटला जाल तेव्हा तळ्याकडे पाठ करायला विसरू नका. गावाचा खरा दर्शनी भाग मागच्या बाजूला, डोंगराच्या पोटात आहे.